घरात लिव्हर सिरोसिसचा पेशंट आहे? सगळ्या घरानं मिळून काळजी कशी घ्यायची

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लिव्हर सिरोसिस (लिव्हरवर व्रण साठून ते कडक आणि निकामी होत जाणं) असल्याचं कळलं त्याला सहा वर्षं झाली. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. जुना डायबेटिस, सुटलेलं पोट आणि त्यातून फॅटी लिव्हर, असा त्यांचा प्रवास. पहिली दोन वर्षं सगळं आईनं एकटीनं पाहिलं. गोळ्या तिला पाठ, पथ्य तिला पाठ, डॉक्टरांकडेही तीच जायची. आम्ही बाकीचे फोनवर "कसे आहेत अण्णा?" विचारायचो.

मग एकदा आई मावशीच्या आजारपणासाठी चार दिवस मिरजेला गेली आणि अण्णा भावाबरोबर एका लग्नाला पंढरपूरला गेले. एसटीत संडासला कुठं जायचं, म्हणून त्यांनी पोट साफ व्हायचं सिरप दोन दिवस घेतलंच नाही. परत आले ते गप्प गप्प. रोज संध्याकाळी दुधाचा हिशोब लिहायची त्यांची वही आहे. त्या दिवशीची ओळ खाली घसरत गेलेली, "दोन लिटर"मधला "लिटर" अर्धाच. प्रवासाचा शीण असेल म्हणून भावानं त्यांना झोपू दिलं. रात्री अकराला अण्णा स्वयंपाकघरात उभे राहून संडासचं दार शोधत होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी भावाला विचारलं, "सिरप किती वेळा देता?" भाऊ म्हणाला, "आईला विचारावं लागेल."

हा लेख त्या उत्तरापायी लिहिते आहे. या आजारात पेशंटचं डोकं कधी कधी त्यालाच दगा देतं. आपण बिघडतोय हे त्याला स्वतःला कळत नाही. ते घरातल्यांना कळावं लागतं, आणि घरातल्या एकालाच कळून भागत नाही. मी डॉक्टर नाही. खालचे आकडे डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहेत, पण तुमच्या पेशंटचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

१. आधी सगळे मिळून एकदा डॉक्टरांसमोर बसा

पेशंटला विचारून, त्याच्या संमतीनं. अण्णांना सुरुवातीला हे आवडलं नाही. "माझ्या पोटाची चर्चा सुनेसमोर कशाला?" म्हणाले. त्यांचा मान राखून बोलावं लागलं. पण एकदा भाऊ, वहिनी, मी आणि आई असे चौघं गेलो, आणि अर्ध्या तासात जे कळलं ते दोन वर्षांत कळलं नव्हतं.

जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. आम्ही विचारलेले हे:

- सिरोसिस कशामुळे झाला? दारू, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, फॅटी लिव्हर की आणखी काही?
- पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ, भ्रम यांतलं काही झालंय का? (असं काही झालं की आजार पुढच्या टप्प्यात गेला असं धरतात.)
- अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का? दुर्बिणीची तपासणी पुन्हा कधी?
- मीठ किती, प्रोटीन किती, पाण्यावर बंधन आहे का?
- कुठल्या लक्षणाला फोन करायचा आणि कुठल्या लक्षणाला थेट यायचं?
- रात्री दोन वाजता रक्ताची उलटी झाली तर न्यायचं कुठं?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. प्रत्येक हॉस्पिटलात रात्री दुर्बीण टाकून रक्तस्राव थांबवायची सोय नसते. ती कुठं आहे हे आधीच माहीत हवं.

एक विनंती. डॉक्टर बोलताना पेशंटकडे पाठ करून आपसात कुजबुजू नका. शरीर त्याचं आहे, प्रश्न पहिला त्यानं विचारावा.

२. फाइल एकच, आणि ती दाराजवळ

आमच्याकडे रिपोर्ट तीन पिशव्यांत होते. आता एकच जाड फाइल आहे, नवा कागद वर. तिच्यात हे ठेवा:

- सगळी डिस्चार्ज कार्डं
- शेवटची सोनोग्राफी आणि दुर्बिणीचा रिपोर्ट
- रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम आणि प्लेटलेट हे आकडे दर वेळी विचारले जातात. यातल्या बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियमवरून आजार किती गंभीर आहे हे सांगणारा मेल्ड नावाचा स्कोअर काढतात. ट्रान्सप्लांटचा विषय निघाला की तो लागतो.
- चालू औषधांची यादी, डोससकट
- रक्तगट, औषधाची अ‍ॅलर्जी, लशींची नोंद
- आधारकार्ड, रेशनकार्ड, विम्याची कागदपत्रं यांच्या झेरॉक्स

सगळ्याचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. सामानही फार लागत नाही: डिजिटल वजनकाटा, थर्मामीटर, सिरपचं मापाचं झाकण, आठवड्याचा गोळ्यांचा डबा, एक वही. डायबेटिस असेल तर शुगर मोजायचं मशीन.

३. कामं नावानिशी वाटा

"आपण सगळे बघू" म्हटलं की आईच बघते. म्हणून नावं लिहा. आमच्याकडे गोळ्यांचा डबा रविवारी भाऊ भरतो. जेवण वहिनी आणि आई बघतात. अपॉइंटमेंट, रिपोर्ट, विमा माझ्याकडे. मी पुण्यात असले तरी हे फोनवरून होतं. वजन अण्णा स्वतः करतात आणि स्वतः लिहितात. पेशंटकडे एक तरी काम असू द्या.

आणि प्रत्येक कामाला दुसरा माणूस ठरवा. पहिला गावाला गेला तर कोण? आमचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं.

४. रोजची वही

रोज पाच ओळी पुरतात: सकाळचं वजन, पोट किती वेळा साफ झालं, ताप, पायांची सूज, झोप.

वजन सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आठवड्यात दोन किलो वाढलं तर फोन करा, असं आम्हाला सांगितलंय. ती चरबी नसते, पाणी असतं. उलटंही बघा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड वगैरे) चालू असताना पायांना सूज नसेल आणि वजन रोज अर्ध्या किलोहून जास्त उतरत असेल, तर तेही कळवा. किडनीवर ताण येतो. "वजन उतरतंय, छान" म्हणून आम्ही एकदा चार दिवस खूश होतो, आणि क्रिएटिनिन वाढलेलं निघालं.

५. स्वयंपाकघर: इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत

मीठ. पोटात पाणी असेल तर साधारणपणे दिवसाला २ ग्रॅम सोडियम, म्हणजे सगळं मिळून सुमारे ५ ग्रॅम मीठ. एक सपाट छोटा चमचा. वहिनीनं याची सोपी रीत काढली. सकाळी एका छोट्या डबीत अण्णांचं दिवसाचं मीठ काढते, आणि तेही चमच्याला थोडं कमीच, कारण दुधात, ब्रेडमध्ये, बिस्किटात थोडं असतंच. सगळ्यांची भाजी बिनमिठाची शिजते. अण्णांची वाटी बाजूला काढून त्यांच्या डबीतलं घालायचं, मग उरलेल्या भाजीत बाकीच्यांचं. भाकरीच्या पिठात मीठ नाही. डबी संपली की संपली.

चमच्यातलं मीठ दिसतं तरी. पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे, सुकट, सॉस, तयार सूप, ढोकळ्यातला सोडा, पित्तासाठी घेतलेलं इनो, यांतलं सोडियम दिसत नाही. चवीसाठी लिंबू, कोकम, आमसूल, लसूण, जिरं, भरपूर कोथिंबीर वापरा. महिनाभरात जिभेला सवय होते, खरंच होते.

इथं एक मोठा सापळा आहे. दुकानात "लो सोडियम" मीठ मिळतं, ते चांगलं म्हणून आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोननंही पोटॅशियम वाढतं. दोन्ही मिळून हृदयाला धोका. भेटायला येणारे नारळपाणी आणतात, तेही याच कारणासाठी डॉक्टरांना विचारून.

दुसरं टोकही वाईट. सगळंच अळणी केलं आणि पेशंटनं जेवणच सोडलं, तर ते मिठापेक्षा जास्त नुकसान करतं.

प्रोटीन. "लिव्हर खराब आहे, डाळ-अंडी बंद, फक्त मऊ भात द्या," हे आम्हाला किमान दहा जणांनी सांगितलं. हा जुना समज आहे. आताचा सल्ला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीनचा आहे. पाणी सोडून वजन ६० किलो धरलं तर दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. म्हणजे मुद्दाम मोजून दिल्याशिवाय ते भरत नाही. सिरोसिसमध्ये स्नायू झडतात. अण्णांच्या दंडाचं कातडं लोंबायला लागलं तेव्हा आम्हाला हे समजलं. डाळी, दही, दूध, पनीर यांचं प्रोटीन या पेशंटना मांसापेक्षा चांगलं सोसतं.

उपास. आमच्या घरात हा सगळ्यात नाजूक विषय होता. अण्णा चाळीस वर्षं एकादशी करत आले. पण निरोगी लिव्हर जशी साखर साठवून ठेवतं तसं सिरोसिसचं लिव्हर ठेवू शकत नाही. रात्रभराच्या उपाशी पोटी या पेशंटच्या शरीराची जी अवस्था होते, ती धडधाकट माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर होते. मग शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. म्हणून दिवसा दर तीन-चार तासांनी खाणं, आणि झोपण्याआधी काहीतरी हवंच: दूध आणि राजगिऱ्याची वडी, कमी मिठाचे पोहे, सातूचं पीठ. डायबेटिस असेल तर हे काय आणि किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एकादशी आता आई करते आणि अण्णा तिच्यासाठी पोथी वाचतात.

कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: कालवं, तिसऱ्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अजिबात नकोत. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू लिव्हरच्या पेशंटच्या रक्तात पसरले तर जिवावर बेततं.

६. सिरप आणि डोक्यातला गोंधळ

लिव्हरनं गाळायचं विष, मुख्यतः अमोनिया, गाळलं गेलं नाही की मेंदूवर परिणाम होतो. लॅक्ट्युलोजचं सिरप आतड्यातून ते बाहेर काढतं. म्हणून हे बद्धकोष्ठाचं औषध समजू नका. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच हे उद्दिष्ट, आणि डोस त्याप्रमाणे कमी-जास्त करायचा, हे डॉक्टर शिकवतात.

लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात. एक, "जुलाब होताहेत" म्हणून कोणीतरी काका सिरप बंद करतात. दोन, "जास्त दिलं तर जास्त चांगलं" म्हणून पाच-सहा वेळा होईल इतकं देतात. मग अंगातलं पाणी कमी होऊन गोंधळ उलट वाढतो. प्रवासातही सिरप चुकवायचं नाही. आम्ही आता एसटीनं जातच नाही. गाडी करतो आणि वाटेत कुठं थांबायचं ते आधी ठरवतो.

गोंधळ बहुतेकदा अचानक येत नाही, आधी बारीक खुणा दिसतात. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं. चिडचिड, किंवा नेहमी बोलणारा माणूस गप्प. अक्षर बिघडणं. शर्टाची बटणं चुकणं. हात पुढे करून, ट्रॅफिक पोलीस गाडी अडवतो तसे तळवे उभे धरायला सांगा. पंजे फडफडल्यासारखे खाली पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टर एक सोपी चाचणी करतात, ती घरीही जमते. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं येतील तितकी घ्यायची. दहाच्या आत आली तर संशय घ्यायचा. आमच्याकडे माझी भाची दर रविवारी घड्याळ लावून आजोबांची परीक्षा घेते. अण्णा चांगले असताना सतरा-अठरा सांगतात, आणि "गाढव" नेहमी पहिलं. एका रविवारी ते नऊवर थांबले आणि "गाय" तीनदा म्हणाले. तिनंच आईला हाक मारली. लघवीचं इन्फेक्शन निघालं, वेळेत सापडलं. तुमच्या पेशंटचा चांगल्या दिवसातला आकडा आजच लिहून ठेवा, तुलना त्याच्याशीच करायची.

बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, रक्तस्राव, पाणी कमी होणं, झोपेची गोळी, यांतलं काहीही गोंधळाला निमित्त होतं. असा एखादा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवणं बंद. स्कूटरची चावी मागणं फार जड जातं, पण मागा. बँकेच्या, जमिनीच्या सह्या आणि वारस नोंदी डोकं स्वच्छ असतानाच, त्यांच्या इच्छेनं पूर्ण करून घ्या.

७. काय देऊ नये

दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या नकोत. किडनी आणि रक्तस्राव दोन्हीचा धोका. मेडिकलमध्ये नुसती "अंगदुखीची गोळी" मागितली तर बहुधा यातलीच मिळते. पॅरासिटामॉल चालतं, पण कमी डोसमध्ये. साधारण दिवसाला २ ग्रॅमच्या आत, आणि विचारूनच. झोपेच्या गोळ्या नाहीत.

गावोगावी काविळीचं औषध देणारे आहेत, आणि प्रेमानं आणून देणारे नातेवाईकही. त्यांच्यावर रागावू नका, पण पुडी पोटात जाऊ देऊ नका. कोविडच्या काळात गुळवेलाचा काढा घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले होते. आम्ही सगळ्यांना एकच वाक्य सांगतो: "डॉक्टरांना दाखवून मग देतो." भांडण होत नाही.

८. ताबडतोब न्यायचं कधी

फ्रिजवर हे लावा:

- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळीनंही रंग गडद होतो, तरी स्वतः अंदाज बांधू नका)
- बरळणं, ओळख न पटणं, जागं न होणं
- ताप, थंडी, पोटात दुखणं. पोटात पाणी असताना साधा तापसुद्धा साधा नसतो
- लघवी अगदी कमी होणं
- धाप लागणं

१०८ ला फोन, फाइल उचलायची, निघायचं. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी, साखर, सिरप काही घालू नका, श्वासनलिकेत जातं.

यादीत नसलेल्या पण वहीत तारखेनं लिहायच्या गोष्टी: दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी (लिव्हरचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून, बरं वाटत असलं तरी), दुर्बीण आणि लशी.

९. घरातल्यांनी स्वतःच्या तपासण्या करा

कारण हिपॅटायटीस बी असेल तर नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची रक्ततपासणी आणि ज्यांना लागेल त्यांना लस. ० , १ आणि ६ महिने असे तीन डोस. एका ताटात जेवल्यानं, पेल्यानं, मिठी मारल्यानं हा पसरत नाही, त्यामुळे भांडी वेगळी करू नका. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र वेगळं. हिपॅटायटीस सी बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. कारण विल्सन आजार (शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार) असेल तर सख्ख्या भावंडांची तपासणी हवीच.

फॅटी लिव्हरमधून झालं असेल तर? भावाची सोनोग्राफी केली. त्यालाही निघालं. आता बापलेक पहाटे एकत्र चालतात.

१०. दारू असेल तर

रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एका दिवसात तोडू नका. थरथर, भास, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा, आणि मग एक घोटही नको, सणालाही नको. टोमणे मारून कोणाची सुटलेली मी पाहिली नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या बैठका मराठीतूनही होतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. घरच्यांनी जावं असं मला कळकळीनं वाटतं. आणि कारण दारू नसेल तरी लोक तेच समजणार. आई वर्षभर शेजारी सांगत होती, "हे घेत नाहीत हो." मग तिनं सांगणं सोडलं.

११. पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कुठला उपचार बसतो ते दाखल होतानाच योजनेच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. आम्ही एकदा तसं करून बसलोय. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आजच काढून ठेवा, आणि मुदत बघून नवा करत राहा.

१२. ट्रान्सप्लांटचं बोलणं

विषय डॉक्टरांनी काढायची वाट बघू नका. पेशंट अंथरुणाला खिळण्याआधी विचारा. मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी हॉस्पिटलमार्फत विभागीय समन्वय समितीकडे नाव नोंदवतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत. जिवंत दात्यात कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा आणि नातवंडं.

घरात बसून कोण देणार याचं मतदान घेऊ नका. बायको किंवा मुलगीच देणार असं धरून चालतात, हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलंय. दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणायचा हक्क आहे. त्यानं डॉक्टरांना एकट्यानं भेटून मन मोकळं करावं, आणि त्याच्या "नाही"चं कारण घरानं विचारू नये.

१३. जी सगळ्यात जास्त करते तिला सुट्टी

वहीत आईचंही एक पान आहे: तिची बीपीची गोळी, तिची झोप. महिन्यातून दोन दिवस ती मावशीकडे मिरजेला जाते. तेव्हा भाऊ सिरप देतो, वहिनी डबी भरते. संध्याकाळी आठला आईचा फोन येतो. इकडचं तिकडचं नाही, एकच शब्द विचारते, "किती?"

"तीन," भाऊ सांगतो.